रबर एकदाच कापा: विषाणूचा डीएनए गोल आहे हे कसं कळतं?

नमस्कार मंडळी, नागपुरातून बोलतोय. हे बघा, बर्डीवरून आणलेलं साधं रबर, म्हणजे गोल रबरबँड, आणि हा शिवणाचा दोरा. दोन्ही एकेकदा कापतो. दोऱ्याचे तुकडे झाले दोन. रबराचा एकच, लांबलचक. एवढं ध्यानात ठेवा.

एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, हा विषाणू. त्याच्या १६ नंबरच्या प्रकारात डीएनएच्या अक्षरांच्या जेमतेम ७,९०० जोड्या. माणसाच्या जनुकसंचात ३०० कोटींवर. बॅम-एच-वन नावाचं एन्झाइम जीजीएटीसीसी ही सहा अक्षरं दिसली की तिथेच कापतं, आणि या विषाणूत ती एकदाच येतात. ३७ अंशांवर तासभर ठेवायचं, मग अगारोजच्या जेलमध्ये भरून करंट द्यायचा. अगारोज म्हणजे आपल्या चायना ग्रासचाच शुद्ध भाऊ. डीएनएवर ऋण भार, तो धन टोकाकडे पळतो. लहान तुकडा पुढे, मोठा मागे. इथिडियम ब्रोमाइड लावून यूव्हीखाली धरलं, की अगदी संत्र्याच्या सालीसारखी केशरी पट्टी चमकते. एकच, आठ हजार जोड्यांच्या खुणेजवळ. म्हणजे रबर, दोरा नव्हे!

न कापलेल्या डीएनएला पीळ असतो. रबराला असा पीळ द्या, बघा कसं आवळून येतं. तसा पिळलेला डीएनए जेलमधून भराभर जातो. त्याच्या दोन पदरांपैकी एखादा तुटला की पीळ सुटतो आणि तो मागे रेंगाळतो. म्हणून दोन पट्ट्या.

एमएस्सीला असताना ऐन मे महिन्यात रात्रभर लाईट गेली, फ्रीझर तापला. मला ते कळलंच नाही. गोल डीएनए कापायला ठेवला, तर जेलवर दोन पट्ट्या. दोन दिवस मी डीएनएवरच शंका घेत होतो; मेलं होतं एन्झाइम. तेव्हापासून न कापलेला नमुना शेजारी लावल्याशिवाय मी जेल चालवत नाही.

जर्मन विषाणूतज्ज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये हाच १६ नंबर सापडला. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कॅन्सरच्या गाठीत हे रबर बरेचदा तुटून माणसाच्या डीएनएत शिवलेलं असतं. तुटतं ते पुष्कळदा ई-टू जनुकापाशी, आणि ई-सिक्स, ई-सेव्हन या कॅन्सरकडे नेणाऱ्या जनुकांचा लगाम त्याच्याच हाती. मग गाठीतला डीएनए कापून विषाणूशी जुळणारा खुणेचा धागा लावला, की आठ हजारांच्या जागी भलत्याच लांबीच्या पट्ट्या उमटतात, कारण विषाणूच्या तुकड्याला आता माणसाचा डीएनए चिकटलेला असतो.