तुरट पाला

माण तालुक्यातला हा माळ. वर्षाची सरासरी ५०० मिलिमीटरच्या आत-बाहेर. पावसानं दडी मारली त्या साली कडबा माघातच सरतो आणि शेळीवाल्याच्या खांद्यावर डहाळ्या ओढायची आकडी येते. एक हिसका, की बाभळीची डहाळी खाली. ती जमिनीला टेकायच्या आत शेळ्या मागच्या पायांवर उभ्या. त्यांचे ओठ बघा, काट्यांमधून पाला कसा वेचून घेतात.

बाभूळ शेंगवर्गातली, म्हणजे चवळीची, लसूण घासाची भाऊबंदच. तिचं पान चावलं की जीभ कोरडी पडते, गाल आतून आवळतात. हे टॅनिन या तुरट द्रव्याचं काम. लाळेतल्या प्रथिनांना ते घट्ट चिकटतं. गावोगावी कातडं कमवायला बाभळीची साल घ्यायचे, ती याच गुणापायी.

पाणी तुटलं की झाडाची वाढ आधी थांबते. पानात अन्न तयार होणं मात्र आणखी काही काळ चालू राहतं. वाढीला न लागलेलं ते अन्न कित्येकदा टॅनिनकडे वळतं आणि पाला अधिक तुरट होतो. दर दुष्काळात असंच घडेल असं मात्र नाही. ताण फारच वाढला तर अन्न तयार होणंच मंदावतं.

मग हा पाला घालावा की नाही? चाऱ्याच्या सुक्या वजनात शेकडा २ ते ४ भाग टॅनिन असेल, तर ते जनावराच्या कामाचं. कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, ते प्रथिनांना धरून ठेवतं, तिथल्या जंतूंच्या तावडीत जाऊ देत नाही. पुढे चौथ्या कप्प्यातल्या आम्लात पकड सुटते आणि प्रथिन अंगी लागतं. फेस धरणारी प्रथिनंही बांधली जातात, म्हणून पोट फुगत नाही. लसूण घासाच्या पानात असं टॅनिन जवळजवळ नसतंच. ओला घास भरपेट खाल्लेली गाय फुगते ती त्यामुळे.

प्रमाण ५-६ टक्क्यांच्या वर गेलं की तेच टॅनिन नडतं. चारा पचत नाही, खाणं कमी होतं, दूध आटतं. शेळी गाय-मेंढीपेक्षा जास्त तुरट सोसते, पण तिलाही नुसत्या बाभळीवर ठेवू नये. संध्याकाळी वाड्यावर राखून ठेवलेलं हुलग्याचं भुसकट मूठ मूठ तरी मिळायला हवं.

ही पांढऱ्या कानांची शेळी अर्धी डहाळी तशीच टाकून मान फिरवते. शेळीवाल्या आजोबांनी ते पाहिलंय. आकडी खांद्यावर टाकून ते पलीकडच्या कडुलिंबाकडे निघालेत.