पदवी विलायतेची, सनद इथली

[दृश्य: ऑक्सफर्डची हाय स्ट्रीट. एक्झामिनेशन स्कूल्सच्या दारात विद्यार्थ्यांची गर्दी.]

जूनच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या हाय स्ट्रीटवर काळे गाउन घातलेली पोरंपोरी घोळक्याने उभी दिसतात. पांढरा सदरा, गडद सूट, वर गाउन आणि छातीवर कार्नेशनचं फूल. पहिल्या पेपरला पांढरं, मधल्या पेपरांना गुलाबी, शेवटच्याला लाल. फूल लावायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पोशाखाला मात्र सूट नाही. याच गर्दीत बीसीएलचे विद्यार्थी असतात. बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ. नाव बॅचलरचं, पण अभ्यास एलएलबीच्या पुढचा. त्यामुळे पुण्या-नागपुरात घरी फोन लावला की आधी तेवढा खुलासा करावा लागतो.

ही परीक्षा एका बाईने पहिल्यांदा दिली ती १८९२ साली. ती बाई नाशिकला जन्मलेली होती आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली.

[दृश्य: कॉर्नेलिया सोराबजींचं छायाचित्र.]

कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६, घर पारशी-ख्रिस्ती. डेक्कन कॉलेजात ती पहिली आली. त्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला विलायतेला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, ती हिला नाकारली, कारण बाई. मग तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवलं. तिकडे इंग्लंडमधल्या काही मंडळींनी वर्गणी जमवली. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाली. ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात बसून वाचायची परवानगी मिळालेली पहिली बाई हीच.

परीक्षेची वेळ आली तेव्हा विद्यापीठाला खास ठराव करून तिला बसू द्यावं लागलं. ती पास झाली. पदवी मात्र मिळाली नाही. ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं, १९२० पर्यंत दिली नाही. कॉर्नेलियाला ती मिळाली १९२२ साली, परीक्षेनंतर ३० वर्षांनी.

मधल्या काळात ती हातावर हात धरून बसली नव्हती. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली, १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तरीही वकील म्हणून उभं राहण्याचा हक्क नाही. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडद्यातल्या जमीनदारणींची कायदेशीर सल्लागार म्हणून काम केलं. हिंदुस्थानात बायकांना वकिलीची दारं उघडणारा कायदा आला १९२३ मध्ये, आणि पुढच्या वर्षी ती कलकत्ता हायकोर्टात दाखल झाली. तिची राजकीय मतं आज आपल्याला पचणारी नाहीत. ती इंग्रज राजवटीच्या बाजूची होती, गांधीजींच्या चळवळीच्या विरोधातली. पण कायद्याचं ज्ञान, त्याची पदवी आणि कोर्टात उभं राहण्याची सनद या तीन गोष्टी वेगवेगळ्या खिडक्यांवर मिळतात, हे तिच्याइतकं कुणाच्या वाट्याला आलं नसेल.

[दृश्य: लंडन. हॉटन स्ट्रीट, तिथून लिंकन्स इनकडे जाणारा रस्ता.]

आपल्याकडे 'विलायतेला जाऊन कायदा शिकला' म्हटलं की अजूनही डोळ्यांपुढे बॅरिस्टर उभा राहतो. पण बॅरिस्टर विद्यापीठात तयार होत नसे. त्यासाठी लंडनमधल्या वकिलांच्या चार जुन्या संस्थांपैकी, म्हणजे 'इन'पैकी, एकीत नाव घालावं लागे: लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल किंवा ग्रेज इन. ठरावीक संख्येने तिथे रात्रीची जेवणं घेणं हासुद्धा नियमाचा भाग. डॉ. आंबेडकर ग्रेज इनमधून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून त्यांनी पदव्या घेतल्या त्या अर्थशास्त्राच्या. त्याच संस्थेत आज भारतातली मुलं एलएलएमला, म्हणजे एलएलबीनंतरच्या मास्टर्सला, येतात. वर्गातून बाहेर पडलं की लिंकन्स इन चालत पाच मिनिटांवर. पण एलएलएम झालं म्हणून त्या दारातून वकील म्हणून आत जाता येत नाही.

मग वर्षभर करतात काय?

शिकवणीचा, म्हणजे संशोधनाचा नव्हे तर वर्गात शिकवला जाणारा एलएलएम बहुतेक ठिकाणी एक वर्षाचा, १८० क्रेडिटचा. सप्टेंबरात सुरू, वसंतापर्यंत वर्ग, आणि उन्हाळाभर प्रबंध, साधारण दहा ते पंधरा हजार शब्दांचा. केंब्रिजचा एलएलएम नऊ महिन्यांतच आटोपतो. विषय मोजकेच, पण एकेका विषयाच्या एकेका सेमिनारसाठी वाचनाची यादी येते ती पाहून पहिल्या आठवड्यात धाप लागते.

[दृश्य: स्कॉटलंड, पेझली गावातला रस्ता.]

नेमका फरक काय पडतो, ते एका खटल्यावरून पाहू. आपल्याकडे एलएलबीच्या पहिल्या वर्षाच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल: डोनोग्यू विरुद्ध स्टीव्हन्सन, १९३२, बाटलीतली गोगलगाय. ऑगस्ट १९२८ मध्ये पेझलीच्या एका कॅफेत मे डोनोग्यू नावाच्या बाईसाठी तिच्या मैत्रिणीने जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची. उरलेलं पेय ओतलं तेव्हा आतून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असं बाईचं म्हणणं. पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे बाईचा कुणाशी करार नाही. तरीही उत्पादक तिला जबाबदार, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवलं. हेच न्यायाधीश लॉर्ड अॅटकिन यांचं 'शेजाऱ्या'चं तत्त्व: आपल्या हलगर्जीपणाने ज्याला इजा होऊ शकते तो आपला शेजारी, त्याची काळजी घ्यायची. उत्तरपत्रिकेत एवढं लिहिलं की आपल्याकडे पूर्ण मार्क.

सेमिनारमध्ये गाडी इथून सुरू होते. निकाल तीन विरुद्ध दोन असा होता. मग विरोधात गेलेले लॉर्ड बकमास्टर काय म्हणत होते? त्यांना नक्की कशाची भीती वाटत होती? आणि गोगलगाय खरंच होती का? ते कधी सिद्धच झालं नाही. लॉर्ड्सपुढे प्रश्न एवढाच होता, की बाई म्हणते ते खरं धरलं तर दावा उभा राहतो का. खटला पुरावा नोंदवायला परत गेला, तेवढ्यात उत्पादक स्टीव्हन्सन वारला आणि प्रकरण तडजोडीत मिटलं. आणि बाईकडे तर खर्चाची हमी द्यायलाही पैसे नव्हते. स्वतःला निर्धन जाहीर करून ती लॉर्ड्सपर्यंत पोचली. हे सगळं वाचून आलेल्या वीस जणांसमोर प्राध्यापक तुमच्याकडे वळून विचारतात, तुम्ही न्यायाधीश असता तर कुठल्या बाजूला गेला असता, आणि का?

पाच वर्षं बेअर अॅक्ट, म्हणजे कायद्याची नुसती कलमं, तोंडपाठ करून आलेला आपला विद्यार्थी इथे पहिल्यांदा गडबडतो. कायदा काय आहे ते त्याला येत असतं. कायदा असा का आणि तो चुकतोय का, यावर बोलायची सवय नसते. माझ्या मते विलायतेच्या एलएलएमची खरी कमाई हीच. दुर्दैवाने जाहिरातीत ती छापता येत नाही, म्हणून तिथे क्रमवारी छापतात.

[दृश्य: मुंबई, फोर्ट. बँकेचा काउंटर, फायली.]

आता पैशाचं. लंडनच्या नामांकित विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याची एलएलएमची फी तीस हजार पौंडांच्या वर जाते, म्हणजे पस्तीस लाख रुपयांच्या आसपास. राहणं-खाणं वेगळं. व्हिसासाठी राहणीखर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून असावी लागते. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. जानेवारी २०२४ पासून शिकवणीच्या मास्टर्सला जाणाऱ्याला नवरा, बायको किंवा मुलं सोबत नेता येत नाहीत. सत्र चालू असताना काम आठवड्याला २० तासच.

शिष्यवृत्त्या आहेत. जमशेटजी टाटांनी कॉर्नेलियाच्या परीक्षेच्याच वर्षी, १८९२ मध्ये, सुरू केलेली टाटा एंडोमेंट आजही मुंबईतूनच परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. महाराष्ट्र सरकारची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची परदेश शिष्यवृत्ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. ते नाव नुसतं शोभेचं नाही. १९२० मध्ये आंबेडकर अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला परत निघाले, तेव्हा मदत करणाऱ्यांत कोल्हापूरचे शाहू महाराज होते.

ज्यांना यातलं काही मिळत नाही ते शिक्षणकर्ज काढतात. बऱ्याच घरी फ्लॅट तारण जातो. ही गोष्ट पदवीदान समारंभाच्या फोटोत दिसत नाही, आणि कर्ज काढून देणारे सल्लागार तर तिच्याविषयी चकार शब्द काढत नाहीत.

त्याच सल्लागारांच्या तोंडी आणखी एक वाक्य असतं: एलएलएम करा, तिथेच वकील व्हा. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर, म्हणजे मुख्यतः कोर्टाबाहेरचं कायद्याचं काम बघणारा वकील, व्हायचं तर २०२१ पासून एसक्यूई नावाची दोन टप्प्यांची परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात ३६० वस्तुनिष्ठ प्रश्न. सोबत दोन वर्षांचा कामाचा अनुभव. यात एलएलएमची अट कुठेच नाही. कोर्टात बाजू मांडणाऱ्या बॅरिस्टरची वाट तर आणखी अरुंद. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा मिळतो, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच.

आणि परत आल्यावर? बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२० च्या नियमांत परदेशी एक वर्षाच्या एलएलएमच्या मान्यतेला अटी घातल्या, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. कॉलेजात शिकवायचं असेल तर हा घोळ आधी समजून घ्यावा. वकिलीसाठी लागते ती इथली सनद. त्यासाठी इथली एलएलबी आणि ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. शहाणी मुलं सनद काढूनच विमानात बसतात.

[दृश्य: मुंबई हायकोर्टाचा परिसर. बगलेत फायली घेतलेले ज्युनिअर.]

मग त्या पस्तीस लाखांचा उपयोग कुठे होतो? समजा, मुंबईच्या एका कंपनीचा करार. कराराला भारतीय कायदा लागू, पण वाद झालाच तर तो कोर्टाऐवजी लवादापुढे, म्हणजे आर्बिट्रेशनने सोडवायचा, आणि तेही लंडनला. आता लवादाच्या कलमाला कायदा कुठला, भारतातला की इंग्लंडचा? इंग्लंडमध्ये यावर २०२० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाचा लांबलचक निकाल आला. मग २०२५ च्या आर्बिट्रेशन अॅक्टने नियमच बदलला: पक्षकारांनी स्पष्टपणे वेगळं ठरवलं नसेल, तर लवादाचं ठिकाण जिथलं, कायदा तिथला. ज्याने वर्षभर हाच विषय घोळून घोळून वाचलाय, त्या ज्युनिअरला सीनियर अशा वेळी केबिनमध्ये बोलावून बसवतो आणि विचारतो, सांग, काय करायचं.

अशी फाइल रोज येत नाही. इतर दिवशी विलायतेहून आलेला आणि न आलेला, दोन्ही ज्युनिअर सारखेच. सकाळी बोर्ड, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवशीच्या कामांची यादी, बघायचा, कंपायलेशनला, म्हणजे कोर्टात द्यायच्या कागदांच्या गठ्ठ्याला, पानांचे नंबर टाकायचे, झेरॉक्सवाल्याकडे रांग लावायची आणि सीनियर दुसऱ्या कोर्टात अडकला असेल तर न्यायमूर्तींपुढे उभं राहून पुढची तारीख मागायची.