तापलेल्या आकाशातून

[दृश्य: रामकुंड, डिसेंबरची रात्र, थर्मल कॅमेरा]

डोळ्यांना या पायऱ्या काळ्याच दिसतात. कॅमेऱ्यात मात्र दिवसा उन्हात तापलेला दगड अजून उजळ आहे. आता हा हात बघा. दगडावर टेकला, उचलला. पंजाचा ठसा तिथेच राहिला, मग हळूहळू विरला.

हा उष्णतेचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, साधारण 10 मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) तरंगलांबीचा. दगड, पाणी, आपलं अंग, सगळं यातच तेवत असतं. दुर्बिणीचा आरसा आणि वरची हवासुद्धा. त्यातून तारा वेगळा काढायचा म्हणजे भर दुपारी काजवा शोधायचा. त्यात हवेतली वाफ पुष्कळ किरण गिळते. म्हणून या प्रकाशात आकाश बघणाऱ्या दुर्बिणी कोरड्या उंचीवर: चिलीत पारानाल, 2635 मीटर, हवाईत मौना केआ, सुमारे 4200.

[दृश्य: पंचवटीतली गच्ची, मुलांचा प्रयोग]

भांडी बाजारातून आणलेला तांब्याचा पत्रा मुलांनी घासूनपुसून लखलखीत केलाय. साधी काच इथे कुचकामी, ती हा प्रकाश बराचसा शोषून घेते, तांबं परतवतं. पत्रा इकडे कलला: कॅमेऱ्यात भिंत, आणि तिच्या कडेला मुठीत ऊब दिलेला खडा. तिकडे कलला: नुसती भिंत. पहिल्यातून दुसरं वजा केलं, की भिंत जाते, खडा उरतो.

पारानालच्या 8.2 मीटर दुर्बिणीवरचं व्हिसिर हे अवरक्त उपकरण हेच करतं. दुर्बिणीचा दुय्यम आरसा, म्हणजे मुख्य आरशाकडून आलेला प्रकाश उपकरणाकडे वळवणारा छोटा आरसा, सेकंदाला काही वेळा डुलतो. एकदा तारा, एकदा शेजारचं रिकामं आकाश. तरी आरशाची स्वतःची चमक थोडी उरतेच, मग अख्खी दुर्बीण जराशी सरकवून पुन्हा वजाबाकी. संवेदक उणे 260 अंश सेल्सिअसच्याही खाली गोठवलेला, नाहीतर तो स्वतःच्याच उष्णतेने आंधळा होईल.

[दृश्य: वर्णपटाचे आलेख]

अवकाशात जेम्स वेब दुर्बीण आली, आता जमिनीवरून हा खटाटोप कशाला, असं सर्रास बोललं जातं. ते चूक आहे. वेब कितीतरी अंधुक तारेही टिपते, मान्य. पण तिच्या मिरी उपकरणाची वर्णपटातली विभेदनक्षमता, म्हणजे अगदी जवळच्या तरंगलांबी वेगळ्या ओळखण्याची ताकद, 3000च्या आसपास, तर जमिनीवरच्या टेक्सेस या वर्णपटमापकाची 1,00,000 पर्यंत. एवढ्या बारकाईनेच तरुण ताऱ्याभोवतीचा वायू किती वेगाने फिरतो ते मोजता येतं. गुरूवरचं इथेन, आकाशगंगेच्या केंद्रातलं निऑन, हेही टेक्सेसने टिपलंय.

[दृश्य: पुन्हा गच्ची, डुलणारा पत्रा जवळून]

चिलीतच 39 मीटर आरशाची ईएलटी ही महादुर्बीण उभी राहते आहे. तिचा दुय्यम आरसाच 4 मीटरहून मोठा. तो असा डुलवता येणार नाही. म्हणून तिच्या मेटिस उपकरणात, गोठवलेल्या पेटीच्या आत, एक छोटा आरसा डुलणार आहे.