पैसा कुणाच्या कनवटीला?

नमस्कार श्रोतेहो. आज उरणच्या खाडीकाठाबद्दल बोलू. 1989 साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. त्याच्यासाठी शेव्याचा कोळीवाडा उठला आणि उरणला हनुमान कोळीवाड्यात वसला. त्या पुनर्वसनाची रडकथा पुष्कळांना ठाऊक आहे. मला बोलायचंय ते घरातल्या पैशाबद्दल.

कोळ्यांच्या घरात होडी किनाऱ्याला लागली की म्हावरं बाईच्या ताब्यात. भाव ती करणार, उधारी तिच्या डोक्यात, आणि जाळ्या-डिझेलला पैसे हवे असतील तर नवरा तिच्याकडेच मागणार. म्हणून ती राणी होती असं मात्र समजू नका. गावकीच्या बैठकीला पंच पुरुषच.

शिवाय ओहोटीला ती स्वतः चिखलात उतरायची. कालवं फोडायची, खुबे-चिंबोऱ्या आणायची. ह्याला होडी लागत नाही, परवाना लागत नाही, आणि म्हणूनच त्याची सरकारदरबारी नोंदही होत नाही. बंदरासाठी भराव पडला तो नेमका ह्याच चिखलावर.

बंदराच्या विस्ताराविरुद्ध मच्छिमार हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे गेले. 2015 मध्ये लवादानं 1630 कुटुंबांना सुमारे 95 कोटी 19 लाखांची भरपाई द्यायला सांगितलं, म्हणजे कुटुंबामागे 5 लाख 84 हजार. लढा मोठाच होता. पण हिशेब कुटुंबाचा. त्या कुटुंबात नवऱ्याचं किती बुडालं आणि बायकोचं किती, हे त्या आकड्यातून कळत नाही.

आता मुलगा कंटेनर यार्डात कंत्राटावर लागतो. पगार त्याच्या खात्यात. आई जाते मोरा बंदरातून लाँचनं भाऊच्या धक्क्यावर, लिलावात मासळी घ्यायला. पूर्वी घरचा माल विकायची, आता आधी रोख मोजायची आणि मग पाटी भरायची. माल विकला गेला नाही तर तोटा तिचा एकटीचा. बर्फ, लाँचचं भाडं, बाजारातली जागा, सगळं तिच्याच खिशातून.

ऑगस्ट 2024 मध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. तिथे भरपाईच्या याद्या करताना नौकांच्या नंबरांबरोबर कालवं काढणाऱ्या, बोंबील सुकवणाऱ्या, पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या बायकांची नावं वेगळी लिहा. आणि चेक त्यांच्या स्वतःच्या नावानं काढा.