एकच न्यायाधीश, दोन हुद्दे : ठाण्याचं जिल्हा व सत्र न्यायालय

[दृश्य : सकाळ. कोर्ट नाका, ठाणे. काळे कोट, टायपिस्टांची टेबलं.]

निवेदन : ठाणे स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘कोर्ट नाका’ एवढं सांगितलं की पुरे. इथल्या सर्वांत वरिष्ठ न्यायाधीशांचं पदनाम मात्र लांबलचक आहे : प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश. त्यातला ‘व’ नीट ऐका. मुळात ही दोन पदं आहेत. दिवाणी अपील ऐकताना ते जिल्हा न्यायाधीश, खुनाचा खटला चालवताना सत्र न्यायाधीश. माणूस तोच, खुर्ची तीच, कायदा वेगळा.

[दृश्य : साष्टी बेटाचा जुना नकाशा.]

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, पाठोपाठ साष्टी, म्हणजे ठाणे ज्या बेटावर आहे ते, गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहात ती इंग्रजांकडेच राहिली. न्यायाधीश यायला १७९९ उजाडलं. त्या वर्षीच्या रेग्युलेशननं, म्हणजे कंपनी सरकारच्या कायद्यानं, साष्टीवर नेमलेला अधिकारी न्यायाधीशही होता आणि मॅजिस्ट्रेटही. चोराला पकडून आणायचा हुकूम त्याचा, निवाडाही त्याचाच.

१८२७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत सगळी रेग्युलेशनं नव्यानं बांधली गेली. जिल्ह्याला एक अदालत, वर सदर दिवाणी आणि सदर फौजदारी अदालत, अशी उतरंड ठरली. १८३३ मध्ये उत्तर कोकणचा ‘ठाणे जिल्हा’ झाला. १८६२ मध्ये सदर अदालती जाऊन मुंबईत उच्च न्यायालय आलं.

जिल्हा न्यायाधीशाचं आजचं पद उभं आहे ते १८६९ च्या १४ व्या कायद्यावर, म्हणजे मुंबई दिवाणी न्यायालय कायद्यावर. जिल्हा न्यायाधीश, त्यांच्या हाताखाली सहायक न्यायाधीश, खाली पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश. पाच हजार रुपयांपर्यंतच्या दाव्याचं अपील जिल्ह्यात, त्यावरचं थेट उच्च न्यायालयात. रकमेचा आकडा पुढं बदलत गेला, कायद्याचं नावही बदललं. पण दीडशे वर्षांपूर्वीचा तो कायदा अजून चालू आहे.

[दृश्य : सत्र न्यायालयाचं रिकामं दालन, साक्षीदाराचा पिंजरा.]

‘सत्र’ म्हणजे ठरावीक काळानं भरणारी बैठक. आता ती वर्षभर चालते, नाव तेवढं राहिलं. १८९८ च्या फौजदारी संहितेत सत्र खटला ज्युरीपुढं किंवा असेसरांच्या मदतीनं चालवायचा असे. असेसर म्हणजे गावातली प्रतिष्ठित मंडळी. त्यांचं मत नोंदवून घ्यायचं, पण ते न्यायाधीशावर बंधनकारक नाही! १९५५ च्या दुरुस्तीनं असेसरांची ही पद्धत गेली.

खुनाचं दोषारोपपत्र आजही थेट सत्र न्यायालयात दाखल होत नाही. ते आधी न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातं. तो आरोपीला कागदपत्रांच्या प्रती देतो आणि प्रकरण सत्राकडे सोपवतो. एखादी प्रत राहिली, पान अस्पष्ट निघालं, की तारीख पडते. खटले रेंगाळतात त्याचं हे एक अगदी साधं कारण.

[दृश्य : ठाणे कारागृहाची दगडी तटबंदी.]

सत्र न्यायाधीश कायद्यातली कोणतीही शिक्षा देऊ शकतात. फक्त फाशी ते एकट्याच्या सहीनं देऊ शकत नाहीत. कागदपत्रं उच्च न्यायालयात जातात, तिथं किमान दोन न्यायमूर्तींनी कायम केल्याशिवाय अंमल नाही. आरोपीला अपिलाची मुदत ३० दिवस.

हे कारागृह म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला. याच किल्ल्यातून १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून निसटले. याच किल्ल्यात, तुरुंग झाल्यावर, १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाबद्दल फाशी झाली. तो खटला मात्र जिल्ह्याच्या सत्र न्यायाधीशापुढं चाललाच नाही. सरकारनं तो मुंबई उच्च न्यायालयाच्या विशेष पीठाकडे नेला होता.

न्यायदंडाधिकारी कलेक्टरच्या हाताखालून निघाले ते मुंबई राज्याच्या १९५१ च्या कायद्यानं. त्याआधी वर्षभर आलेल्या राज्यघटनेनं जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राज्यपालांकडे दिली, पण उच्च न्यायालयाच्या सल्ल्यानं. वकिलांमधून थेट यायचं तर किमान सात वर्षं वकिली हवी.

[दृश्य : बेलापूर, मग खारघर. रस्त्यावरचे फलक.]

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो हद्दीचा, विशेषतः नवी मुंबईत. पोलीस आयुक्तालय एकच, पण त्याची हद्द दोन जिल्ह्यांत. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाण्यात. खारघर, पनवेल, उरण रायगडात. सत्र विभाग जिल्ह्याप्रमाणे चालतो. खारघरच्या गुन्ह्यात अटकपूर्व जामिनाचा अर्ज ठाण्यात टाकला, तर हद्द नाही म्हणून परत येतो. तेवढ्यात अटक होऊ शकते. चूक होण्याला कारणही आहे. एफआयआरच्या पहिल्या रकान्यात ‘जिल्हा’ म्हणून पोलीस आयुक्तालयाचं नाव येतं, महसुली जिल्हा नव्हे. म्हणून जाणते वकील आधी तालुका विचारतात : घटना ठाणे तालुक्यात झाली, की पनवेल तालुक्यात?