स्ट्रॉबेरी: वाफ्यापासून वाशीपर्यंत

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर सकाळी सगळं दवानं ओलं असतं. तोडणी लगेच सुरू होत नाही. ओलं फळ बॉक्समध्ये गेलं की त्यावर करडी बुरशी धरते, म्हणून दव सुकू द्यायचं. ऊन चढलं की फळ तापून मऊ पडतं, म्हणून त्याआधी उरकायचं. मधे मिळतात ते दोन-तीन तास.

आता हात बघा. फळ धरून ओढायचं नाही. देठ दोन बोटांत घ्यायचा आणि अंगठ्याच्या नखानं खुडायचा. हिरवी टोपी शाबूत हवी, वर देठ अगदी थोडा. लांब राहिला तर शेजारच्या फळात रुततो. टोपीच निघून आली तर तिथूनच रस सुटतो.

आंबा आढीत पिकतो, स्ट्रॉबेरी नाही. तोडल्यावर लाली वाढते, गोडी वाढत नाही. त्यामुळे रस्त्यावरच्या स्टॉलसाठी पूर्ण लाल फळ आणि मुंबईसाठी पाऊण भाग लाल, टोपीखाली पांढरट कड राहिलेलं. हंगामाच्या सुरुवातीला भाव चढा असतो, तेव्हा अर्धकच्चं तोडायचा मोह होतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, स्ट्रॉबेरी आंबटच असते!

निवड वाफ्यातच होते, कारण प्रत्येक जादा हाताळणीत फळ दबतं. धुवायचं तर अजिबात नाही. पाव किलोचं पनेट, म्हणजे प्लास्टिकची छोटी डबी, तळाला आणि झाकणाला हवेसाठी भोकं. अशी आठ पनेट म्हणजे दोन किलोचा बॉक्स. दबलेलं किंवा बुरशीचा ठिपका असलेलं एक फळ आत राहिलं, तर मुंबईत पोचेपर्यंत आजूबाजूची चार फळं सोबत घेऊन जातं.

आणि इथं खरी मेख आहे. शेतातून आलेल्या फळात शेताची उष्णता असते. ती तासाभरात काढायला घेतली आणि फळ शून्य-एक अंशापर्यंत आणलं, तर ते आठवडाभर टिकू शकतं. नाहीतर एक-दोन दिवस. नुसत्या थंड खोलीत बॉक्स रचून भागत नाही, थराच्या मधला माल कितीतरी वेळ कोमटच राहतो. म्हणून माल गार करायच्या खोलीत मोठा पंखा लागतो. तो बॉक्सच्या भोकांतून थंड हवा ओढून घेतो, म्हणून आतलं फळही निवतं. पण पुढची गाडीही थंड हवी. गार झालेला माल उघड्या पिकअपमध्ये चढवला की फळांवर पाणी सुटतं, आणि बुरशीला तेवढं पुरतं. प्री-कूलिंगवर, म्हणजे माल असा आधी गार करण्यावर, खर्च करून साध्या गाडीनं माल पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात.

ज्यांच्याकडे ही सोय नाही, त्यांची गाडी संध्याकाळीच निघते. ताडपत्री वरून बांधलेली, बाजूनं वारा खेळेल इतकी मोकळी. पसरणी घाटाच्या वळणांवर बॉक्स सरकतात, म्हणून रचतानाच थर आडवे-उभे घ्यायचे आणि दोरी आवळून बांधायची. वाई, सुरूर, खंबाटकीचा बोगदा, पुणे, एक्सप्रेसवे. पहाटे वाशीचा घाऊक बाजार.

गाळ्यावर व्यापारी खालच्या थरातलं पनेट उचलतो आणि उलटं करून तळ बघतो. भाव तिथंच ठरतो. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मागाहून येते. शेतात निवडून बाजूला काढलेला माल जॅमच्या कारखान्यात जातो, बऱ्याच कमी दरानं.

हंगाम भरात असला की त्याच वाफ्यावर दिवसाआड तोडा येतो.