पृथ्वी कृष्णविवराच्या तावडीत सापडली तर?

(दृश्य: गणेशखिंड, पुणे विद्यापीठाचं आवार. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या काळ्या दगडी भिंती. गणवेशातली मुलं रांगेने आत शिरताहेत.)

राष्ट्रीय विज्ञान दिनी, 28 फेब्रुवारीला, पुण्यातल्या आयुकाचे दरवाजे सगळ्यांसाठी उघडे असतात. 1988 साली स्थापन झालेली, जयंत नारळीकरांनी नावारूपाला आणलेली ही संस्था. समोर शास्त्रज्ञ दिसला, की एखादं पोरगं हमखास विचारतं, "सर, कृष्णविवर आपल्या पृथ्वीला गिळेल का?"

या प्रश्नाला घाईने हो किंवा नाही म्हणून मोकळं होऊ नये. कृष्णविवरात शिरण्याआधी पृथ्वीचं काय होईल, यातच खरी गंमत आहे आणि खरं विज्ञानही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. कृष्णविवर दिसेल ते ओढून घेतं, असं चित्र मनात पक्कं बसलंय. समजा, आत्ता सूर्याच्या जागी सूर्याएवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आणून ठेवलं. त्याचा व्यास भरेल जेमतेम 6 किलोमीटर. स्वारगेटहून विद्यापीठ याहून लांब आहे. आठ मिनिटांनी आपल्याकडे अंधार होईल, थंडी वाढत जाईल, पुढे समुद्र गोठू लागतील. पण पृथ्वी आहे त्याच कक्षेत वर्षाला एक फेरी मारत राहील. वस्तुमान तेवढंच, अंतर तेवढंच, म्हणून ओढही तेवढीच. धोका आहे तो जवळ जाण्यात.

तर जवळ जाऊ या.

सूर्याच्या दहापट वस्तुमानाचं कृष्णविवर घेऊ. त्याचं घटना क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही परत येत नाही ती सीमा, केंद्रापासून 30 किलोमीटरवर. पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर. तोंड केवढंसं आणि घास केवढा! हिशेब सोपा राहावा म्हणून सूर्याला बाजूला ठेवू आणि पृथ्वी सरळ कृष्णविवराच्या दिशेने पडतेय असं धरू.

(दृश्य: अलिबागचा किनारा. ओहोटीच्या वाळूतून कुलाबा किल्ल्याकडे चालत निघालेली माणसं.)

पुढे जे घडणार आहे, त्याचं छोटं रूप आपण रोज बघतो. ओहोटीला या किल्ल्यात चालत जाता येतं, भरतीला तोच किल्ला पाण्याने वेढला जातो. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त ओढतो, पलीकडच्या बाजूला कमी. या फरकाने पृथ्वी ताणली जाते. ताण नुसता पाण्यालाच बसतो असं नाही. पुणं ज्याच्यावर उभं आहे तो दख्खनचा काळा कातळही रोज वीतभर वर-खाली होत असतो. सगळाच परिसर एकदम हलतो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही.

कृष्णविवर वेगळं काही करत नाही. भरतीच आणतं.

ते 25 कोटी किलोमीटरवर असताना त्याची भरती चंद्राच्या भरतीएवढी असेल. बंदरावरच्या कोळ्यांच्या लक्षात येईल, की पाणी नेहमीपेक्षा जास्त चढतंय. तेव्हा आपल्या हातात साधारण 19 दिवस उरलेले असतील.

अंतर निम्मं झालं की हा ताण आठपट होतो. अंतर एक-दशांश झालं की हजारपट. म्हणजे अडीच कोटी किलोमीटरवर, 14 तास शिल्लक असताना, वीतभर हलणाऱ्या कातळावर त्याला दोन-तीनशे मीटर उचलू पाहणारा जोर असेल. हा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झाला. असा ताण तो सोसू शकत नाही. कवच तडकेल, धरणीकंप थांबायचे नाहीत, शिलारस फट मिळेल तिथून वर येईल. समुद्र किनारा सोडून आत शिरेल. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे, पण त्या उंचीचा भरवसा धरण्यात आता अर्थ नाही.

मग 20 लाख किलोमीटर. उरली 20 मिनिटं. वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या वर.

इथे पृथ्वीची स्वतःवरची पकड सुटते. डोंगर, समुद्र, खोल आतला लोखंडी गाभा, हे सगळं एकत्र राहिलंय ते पृथ्वीच्याच गुरुत्वाकर्षणामुळे. कृष्णविवराचा ताण त्याला भारी पडतो आणि ग्रह फाटतो. ही मर्यादा एदुआर रोश या फ्रेंच गणितज्ञाने 1848 साली मांडली होती. तिचा प्रत्यय आपल्या सूर्यमालेतही आलाय. 1992 साली शूमेकर-लेव्ही 9 हा धूमकेतू गुरूच्या फार जवळून गेला, त्याचे वीसहून जास्त तुकडे झाले आणि जुलै 1994 मध्ये ते एकामागोमाग गुरूवर कोसळले.

पृथ्वीचा आता वितळलेल्या खडकाचा आणि वायूचा लांबलचक झोत झालाय. पडण्याची दिशा जराशी तिरकी असेल, तर बराच माल बाहेर भिरकावला जाईल. उरलेला कृष्णविवराभोवती फिरत तबकडी धरेल, घर्षणाने लाखो अंशांवर तापेल आणि त्यातून क्ष-किरण निघतील. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होताना 0.7 टक्के वस्तुमानाची ऊर्जा होते. अशा तबकडीतून आत पडणाऱ्या द्रव्यापैकी 6 टक्क्यांच्या आसपास वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडू शकतं. म्हणून तर कृष्णविवरं स्वतः काळी असूनही दुर्बिणींना सापडतात.

(दृश्य: एम87 या दीर्घिकेतल्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहातल्या, कृष्णविवराचं 2019 सालचं चित्र. केशरी कडं, मध्ये अंधार.)

मला स्वतःला सगळ्यात थक्क करतं ते मात्र पुढचं. कृष्णविवर जितकं मोठं, तितकं सीमेपाशी सौम्य. वस्तुमान हजारपट केलं तर घटना क्षितिजही हजारपट लांब जातं, पण ग्रह फाटण्याचं अंतर फक्त दहापट वाढतं. क्षितिज पुढे निघून जातं आणि फाटणं आत राहतं.

एम87 या दीर्घिकेतलं हे कृष्णविवर सुमारे 650 कोटी सूर्यांएवढं. त्याचं क्षितिज केंद्रापासून 1900 कोटी किलोमीटरवर, आणि पृथ्वी फाटेल ती जागा 200 कोटी किलोमीटरच्या आसपास, म्हणजे खूप आत. केवळ गुरुत्वाकर्षणाचा विचार केला, तर पृथ्वी अख्खीच्या अख्खी ती सीमा ओलांडेल. हादरा नाही, भिंत नाही, काही ओलांडल्याची खूणही नाही. तिथून केंद्रापर्यंत सरळ पडायला सुमारे 12 तास लागतील, आणि शेवटचा अर्धा तास सोडला तर या सगळ्या वेळात पृथ्वी एकसंध असेल. परत फिरण्याची वाट तेवढी बंद झालेली असेल. प्रत्यक्षात भोवतालचा तप्त वायू तिला वाटेतच भाजून काढेल, हेही सांगायला हवं.

लांबून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसायचं नाही. त्याला पृथ्वी क्षितिजापाशी मंदावत, तांबूस आणि अंधुक होत नाहीशी होताना दिसेल.

असं कुठे घडलंय का? 2011 साली एनजीसी 4845 या दीर्घिकेतून क्ष-किरणांचा भडका दिसला. तो अभ्यासणाऱ्यांनी अर्थ लावला असा, की सुमारे 3 लाख सूर्यांएवढ्या कृष्णविवराने गुरूच्या 14 ते 30 पट वस्तुमानाच्या एका वस्तूचा लचका तोडला.

(दृश्य: नारायणगावजवळचं खोडद. शेतांच्या मधोमध जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना.)

आपल्या आकाशगंगेच्या मध्यातलं कृष्णविवर 43 लाख सूर्यांएवढं आहे. ते पृथ्वीला क्षितिजाबाहेरच फाडेल. पण ते आहे सुमारे 27 हजार प्रकाशवर्षांवर. खोडदच्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या या 30 अँटेनांनी त्याच्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपल्या आहेत.

आणि आपल्या जवळचं? माहीत असलेलं सगळ्यात जवळचं कृष्णविवर, गाया बीएच1, सुमारे 1560 प्रकाशवर्षांवर, भुजंगधारी तारकासमूहात आहे. त्याचं वस्तुमान सूर्याच्या दहापटीच्या आसपास, म्हणजे आपण हिशेबाला घेतलं तेवढंच. त्याच्याभोवती सूर्यासारखा एक तारा फिरतो, पृथ्वी सूर्यापासून आहे त्याच्या दीडपटीहून थोड्या कमी अंतरावर. दर 186 दिवसांनी त्याची एक फेरी पूर्ण होते, आणि ताऱ्याला काहीही झालेलं नाही.